पदर धरला तो दुसरीचा

मी जळकी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणी सांगायला नको. लहानपणी बहिणीच्या ताटातली भाकरी माझ्यापेक्षा जास्त फुगलेली दिसली तरी मला जेवण गोड लागायचं नाही. हिचं सासरी कसं व्हायचं, अशी आईला काळजी. झालं, सगळं नीट झालं. पण देवानं धाकटी जाऊ अशी दिली की जळायला रोज नवं सरपण.

नेकनूरच्या पुढं फाट्यावर उतरून आत आलं की आमचं गाव. घर एक, चुली दोन, अंगण सामाईक. मला मुलगी झाली आणि अकरा दिवसांनी जावेला मुलगा. सासूबाईंनी दोन्ही बारशी एकाच दिवशी, एकाच पाळण्यात उरकली. तेव्हा सगळ्या भावकीनं कौतुक केलं, मलाही बरं वाटलं. पण एका पाळण्यातली दोन लेकरं म्हटल्यावर पुढं तुलना आलीच. तो पालथा पडला, ही पडली का? तो बसायला लागला, ही बसली का? मग तो आई म्हणाला. त्यानंतर मात्र कुणी काही विचारेना, कारण ही काहीच म्हणत नव्हती.

तिसरं संपायच्या आत बीडला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तासभर तिच्यासमोर खेळणी मांडली, काढली, पुन्हा मांडली आणि सांगितलं, हे ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात. तिला ऐकू येतं, कळतंही, पण आपल्या रीतीनं नाही, तिच्या रीतीनं. यावर गोळी नाही. माणसांत ठेवा, शाळेत घाला, घाई करू नका. परत येताना एसटीत आमचे हे खिडकीबाहेर बघत बसले होते. आणि मला पहिला विचार कोणता आला असेल? जावेला काय सांगायचं, हा. लेकीचं काय करायचं, हे नंतर सुचलं. बघा, मी कशी ती.

लेकीला रांगा लावायचं वेड. बाटल्यांची झाकणं, चिंचोके, शेंगा, चमचे, जे हाताला लागेल ते. उंबऱ्यापासून सुरू करायची ती थेट न्हाणीपर्यंत. मधे बोटभरही जागा सुटलेली चालायची नाही. कुणी घरी येणार असलं, आणि जाऊ तर दिवसातून दहादा यायची, की मी झाडू घेऊन ते सगळं सुपात भरायची. मग ती मनगट चावायची आणि भिंतीकडे तोंड करून हं हं करत डोलायची. मी म्हणायची, हट्टी आहे मेली. येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या घरात वेडेपणा दिसू नये, एवढीच माझी धडपड.

सहाव्या वर्षी शाळेचा प्रश्न आला. जावेच्या मुलाचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. तो इंग्लिश शाळेत. पिवळी गाडी सकाळी अंगणाच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायची, हा टाय लावून, गळ्यात ओळखपत्र अडकवून चढायचा आणि जावेच्या मोबाइलवर रोज त्याचं स्टेटस. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, हा आमचा इंग्लिशमधला. माझ्या लेकीबद्दल काहीच सांगायच्या नाहीत. वाईट बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. त्या नुसत्या दुसरा विषय काढायच्या.

मीही हिला त्याच शाळेत घेऊन गेले. मुलाखत होती म्हणे. बाईंनी तिला रंग विचारले. ही टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथली सगळी पादत्राणं एका ओळीत लावली. बाई हसल्या, चांगल्याच हसल्या, आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. मी सगळं समजले. गावातल्या झेडपीच्या शाळेला नाही म्हणता येत नाही, सरांनी नाव लिहून घेतलं आणि आठवड्यातून एकदा तालुक्याहून मोटारसायकलवर येणाऱ्या विशेष शिक्षकांची गाठ घालून दिली. तरी मला ते मिळालं असं वाटलंच नाही. एकाला पिवळी गाडी आणि एकीला पायी वाट, एवढंच मला दिसत होतं.

वर्गात चाळीस पोरांचा गलका. ही कानावर हात ठेवून दाराशी बसायची. महिनाभर तसंच चाललं. मग एक दिवस पाण्याची बाटली घरी विसरली म्हणून दुपारी द्यायला गेले, तर वर्गात ही नाही. शोधत किचनशेडकडे गेले.

शेड म्हणजे पत्र्याची एक खोली, जिथं पोरांची खिचडी शिजते. शिजवणारी बाई आमच्याच गावची. पूर्वी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, कंबर धरली तेव्हापासून गावातच राहते. तिच्यापुढं परात होती तांदळाची, आणि परातीच्या या बाजूला माझी लेक. बाई खडे काढून देत होती आणि ही ते भिंतीच्या कडेला ओळीनं मांडत होती. शांत. कानावर हात नाही, डोलणं नाही. उठताना तिनं काय करावं? बाईचा पदर धरला. नुसता टोकाला धरला, मुठीत, आणि तशीच तिच्यामागून चुलीपर्यंत गेली.

सहा वर्षं मी तिला न्हाऊमाखू घातलं. अंगाला हात लावलेला तिला खपत नाही, म्हणून मी मन मारून लांब राहिले. तिनं माझं बोट कधी धरलं नव्हतं. आणि त्या धुरकट, हळदीचे डाग पडलेल्या पदराला ही आपणहून बिलगली. दुसरी आई असती तर दाराशी उभी राहून आनंदानं रडली असती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाटली दारात ठेवली आणि घरी आले.

जावेचा हेवा मला अंगवळणी पडला होता. हा नवा होता आणि लई वाईट होता. जावेकडे शाळा होती, गाडी होती, ते मिळवता येतं. या खिचडीवालीकडे काय होतं, तेच मला कळेना, म्हणून ते हिसकावताही येईना. आठ दिवस मी रोज काही ना काही निमित्तानं शाळेत गेले आणि रोज तेच बघितलं. नवव्या दिवशी अर्ज लिहायला बसले. माझ्या मुलीकडून शाळेच्या स्वयंपाकघरात धान्य निवडण्याचे काम करून घेतले जाते, तरी संबंधित महिलेवर कारवाई व्हावी. यांनी डोकावून वाचलं.

“कावून लिहितीस हे? पोरगी खुश हाय की तिथं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, उद्या लोक म्हणतील हिची पोरगी खिचडीवालीच्या हाताखाली राबते. लोक असं काही म्हणत नव्हते. ते मीच म्हणत होते.

अर्ज बरोबर बसला. असल्या गोष्टीला शाळा भितेच. सरांनी बाईला ताकीद दिली आणि लेकीला शेडमध्ये जाऊ देणं बंद केलं. दाराला आडवं फळकूट लावलं. त्या दिवसापासून ही त्या फळकुटाशी उभी राहून ओरडायची. वर्गात उचलून न्यावं लागायचं. मनगटावर दातांचे व्रण, त्यावर खपली, खपलीवर पुन्हा व्रण. मोटारसायकलवाल्या सरांनी मला बोलावून समजावलं की ती तिथं स्थिर बसायला शिकत होती, त्यातून पुढं अक्षरांकडे नेता आलं असतं, ते तोडू नका. मी मानेनं हो म्हटलं आणि घरी येऊन जाहीर केलं, झेडपीत पोरीचं वाटोळं होतंय.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा जावेपुढं पदर पसरला. तिचा मामा त्या इंग्लिश शाळेच्या संस्थेत आहे. ती उलटून काही बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती बिचारी लगेच फोन घेऊन बसली, दोनदा स्वतः जाऊन आली आणि दिवाळीनंतर बसवतो म्हणाले, हे सांगताना तिचेच डोळे भरून आले. मला तिचा त्या दिवशी जास्त राग आला. चांगली माणसं जळणाऱ्याला फार त्रास देतात.

बसवतो म्हणजे अगदी बसवतोच. इंग्लिश शाळेच्या बाईंनी समजावलं, फी भरा, गणवेश घ्या, वर्गात बसू द्या, पण नाव इकडे घेत नाही, ते झेडपीच्या पटावरच राहू द्या. आमच्याकडे हे नवं नाही. बरीच पोरं बसतात एकीकडे आणि नाव असतं दुसरीकडे. झेडपीला पट टिकवायचा असतो, यांना निकाल सांभाळायचा असतो, आईबापांना टाय हवा असतो. मलाही टाय हवा होता. नावाचं मी कुणाला सांगितलं नाही, जावेला तर नाहीच.

आणि काय सांगू, लेक एकदम शहाणी झाली! तिथं वर्गात पंचवीस पोरं, खिडक्यांना पडदे, गलका नाही. ही शेवटच्या बाकावर गप्प बसायची. ओरडत नव्हती, पळत नव्हती. बाई म्हणाल्या, हिचा काहीच त्रास नाही. घरी आली की रांगासुद्धा लावेना. चिंचोक्यांचा डबा पुढं ठेवला तरी हात लावेना. मी सासूबाईंना बोलावून दाखवलं, बघा, सुटलं वेड. टाय लावलेला तिचा फोटो मीही स्टेटसला ठेवला आणि कुणी कुणी बघितला ते दर तासाला तपासत बसले. जावेनं सगळ्यांच्या आधी बघितला होता.

फक्त डबा भरलेला यायचा. पोळी तशी, भाजी तशी. मी तो मागच्या दारानं म्हशीला घालायची आणि जावेनं विचारलं की म्हणायची, चाटूनपुसून खाल्ला. संक्रांतीपर्यंत तिच्या फ्रॉकला दोन्ही बाजूंनी टाके घालावे लागले. यांनी एकदा तिला उचललं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. तरी मी म्हटलं, वाढतं वय आहे, उंच होतेय. ती गप्प झाली होती ना, मला तेवढं पुरे होतं.

संक्रांत झाली आणि झेडपीच्या सरांचा निरोप आला. शनिवारी पालकांची सभा आहे, नाव पटावर आहे म्हणून तुम्हीही पालक, यावंच लागेल. खरं कारण शेजारणीनं सांगितलं, तिची पोरं झेडपीत जातात. शाळा समितीच्या अध्यक्षाला खिचडीचं काम आपल्या भावजयीला द्यायचं होतं. जुन्या बाईला काढायला काहीतरी लेखी लागतं, आणि लेखी म्हणजे माझा एकटीचा अर्ज. सभेत उभं राहून मी एवढंच म्हणायचं होतं, की होय, हे मीच लिहिलंय. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. जाऊ दे तिकडं, म्हटलं, पदर घेऊन.

शनिवारी इंग्लिश शाळेला सुट्टी होती, म्हणून लेकीला बरोबर घेतलं. फाटक ओलांडलं आणि माझ्या हातातून मनगट सोडवून ती सुटली ती थेट शेडकडे. फळकूट केव्हाच काढलेलं होतं. मी मागून धावत गेले. बाई चुलीपुढं बसलेली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे. तिला माहीत होतं मी कशाला आलेय, गावाला माहीत होतं.

लेक भिंतीच्या कडेला उकिडवी बसली. तिथं खड्यांची ओळ होती. तीच, दिवाळीच्या आधीची. पहिले मोठे, मग लहान, मग अगदी तांदळाच्या कणीएवढे, आणि शेवटी जिथं तिचं येणं बंद झालं होतं तिथं तुटलेली. सगळी शेड सारवून झाडून लख्ख, आणि त्या ओळीवर बोटभर धूळ. चार महिने तिथं झाडू फिरला नव्हता. बाईनं डब्यातून मूठभर खडे काढून लेकीपुढं ठेवले. साठवून ठेवले होते. लेकीनं पहिला खडा उचलला आणि तुटलेल्या जागी लावला. मग दुसरा. तिच्या तोंडून हं हं निघायला लागलं, पण रडण्याचं नाही. मी ते किती दिवसांनी ऐकत होते.

मला काहीतरी बोलायचं होतं, पण आधी बाईच बोलली. आवाज चढला नाही, राग नाही.

“सोमवारपासून दुसरी येईल इथं. तिला तेवढं सांगा, त्या कडंला झाडू नगंस म्हणावं. पोरीचं काम अर्धं ऱ्हायलंय.”

बस्. स्वतःबद्दल एक शब्द नाही. मी माझ्या घरातल्या सुपात किती रांगा भरल्या असतील, ते मला तिथं उभ्या उभ्या आठवायला लागलं. न्हाणीपर्यंत गेलेली, उंबऱ्यावरची, सासूबाईंच्या खाटेखालची. एक तरी रांग मी पुरी होऊ दिली होती का? हिच्याकडे काय आहे, मला कळत नव्हतं ना? हे होतं. यात शिकण्यासारखं अवघड काहीच नव्हतं, म्हणून जास्त लाज वाटली.

सभा लिंबाखाली भरली. तीसेक माणसं, निम्मी अध्यक्षाची. सरांनी माझा अर्ज वाचून दाखवला आणि मला उभं केलं. बाई शेडच्या दाराशी उभी होती.

“अर्जातलं खोटं हाय,” मी म्हणाले. “बाईनं माझ्या पोरीकडनं काम करून घेतलं न्हाई. पोरगी तिच्यापाशी गेली, माझ्यापाशी कधी आली न्हाई. मला ते बघवलं न्हाई, म्हणून मी लिहिलं.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षानं मला पुन्हा विचारलं, कुणी शिकवून पाठवलं का. मी म्हटलं, नाही, मी स्वतःच जळकी आहे, शिकवायला कुणी लागत नाही. मग बायकांतही हसू पसरलं आणि सरांनी अर्ज घडी करून खिशात घातला. त्याच वेळी मी पुढचंही सांगून टाकलं. माझी पोरगी दोन महिन्यांपासून इंग्लिश शाळेत नुसती बसते, तिथं तिचं नावसुद्धा नाही, आणि सोमवारपासून ती इथं येणार. लपवलेलं सगळं एकाच दिवशी बाहेर आलं. ज्या नावाची मला एवढी चोरी वाटत होती, ते याच पटावर असल्यानं दाखला आणा, अर्ज करा, काही करावं लागलं नाही.

संध्याकाळपर्यंत ते घरी पोचलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. जाऊ अंगणात आली आणि विचारलं, डबा खरंच चाटूनपुसून खायची का. मी म्हटलं, म्हैस खायची. ती तिथंच पायरीवर बसली. मामाला काय वाटेल वगैरे काही बोलली नाही, लेकीच्या फ्रॉकचे टाके तेवढे उसवून दे म्हणाली, आता अंग धरेल. मी तिला चहा केला. तिचं बरं चाललंय याचा राग अजूनही येतो, पण चहा केला.

आता लेक सकाळी वर्गाच्या दाराशी बसते आणि गलका वाढला की शेडमध्ये त्याच बाईपाशी जाते. मोटारसायकलवाले सर खड्यांजवळ अक्षरांचे ठोकळे ठेवतात. तिनं त्यातला एक आजवर उचललेला नाही. खिचडी मात्र ताटभर खाते. पिवळी गाडी रोज अंगणात हॉर्न देते आणि ती गेल्यावर आम्ही दोघी पायी निघतो.

मागच्या रविवारी सासूबाईंकडे पाहुणे आले. उंबऱ्यापासून चिंचोक्यांची रांग निघालेली होती, पार खाटेपर्यंत, आणि लेक अजून लावतच होती. पाहुणे पायरीवर आले तशी जाऊ माझ्या मदतीला झाडू घेऊन धावली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, राहू दे, तिचं काम अर्धं राहिलंय. पाहुण्यांनी रांग ओलांडली, आत येऊन बसले आणि पाणी मागितलं.

माझा पदर तिनं अजून धरलेला नाही. खिचडीवालीचाच धरते. दुपारी फाटकाशी उभी राहून मी बघते, रोज बघते. मग घरी येते आणि जळत जळत, रांगेची जागा तेवढी सोडून, घर झाडते.